हिमाची शुभ्रता, हवेतील कण आणि तापमानवाढीचे चक्र

पृथ्वीवर पडणाऱ्या सूर्यप्रकाशाचा जो हिस्सा पृष्ठभागावरून परत फेकला जातो, त्या प्रमाणास परावर्तनक्षमता अथवा अल्बेडो म्हणतात. ताजे हिम सुमारे ८० ते ९० टक्के प्रकाश परत पाठवते. उघडा समुद्र जेमतेम ६ टक्के. उत्तर ध्रुवप्रदेशाच्या वेगवान तापमानवाढीचे एक प्रमुख कारण या तफावतीत आहे.

समुद्रावरील बर्फ वितळला की खालचे काळसर पाणी उघडे पडते, ते अधिक उष्णता शोषते आणि त्या उष्णतेने आणखी बर्फ वितळतो. परिणामानेच मूळ कारण बळावण्याच्या या क्रियेस धन प्रत्याभरण असे नाव आहे. येथे ‘धन’ म्हणजे लाभदायक नव्हे, हे ध्यानात घ्यावयास हवे. उन्हाळ्यात समुद्राने साठवलेली उष्णता शरद ऋतूत व हिवाळ्यात हवेत परतते. त्यामुळे नवा बर्फ उशिरा धरतो, पातळ राहतो आणि पुढील उन्हाळ्यात लवकर वितळतो.

या बर्फाच्या उपग्रहांद्वारे घेतलेल्या सलग नोंदी १९७९ पासून उपलब्ध आहेत. बर्फाचे क्षेत्र दरवर्षी सप्टेंबरमध्ये सर्वात कमी असते. १९८०च्या दशकात ते ७० लाख चौरस किलोमीटरच्या आसपास असे; सप्टेंबर २०१२ मध्ये ते सुमारे ३४ लाखांवर आले. हा नीचांक २०२५ अखेरपर्यंत मोडला नव्हता. १९७९ नंतर हा प्रदेश जागतिक सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापल्याचे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. अर्थात, सारा भार अल्बेडोवर टाकता येणार नाही. ध्रुवप्रदेशात वाढीव उष्णता जमिनीलगतच्या थरात कोंडून राहते, हेही तितकेच महत्त्वाचे कारण आहे. स्वालबार्ड द्वीपसमूहातील भारताचे ‘हिमाद्री’ संशोधन केंद्र २००८ पासून या प्रदेशाचा अभ्यास करीत आहे. त्याचे संचालन गोव्यातील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राकडे आहे.

हवेतील पदार्थ या चक्रावर दोन विरुद्ध दिशांनी परिणाम करतात. डिझेल, चुलीतील लाकूडफाटा, वीटभट्ट्या व शेतातील पाचट यांच्या ज्वलनातून निघणारी काजळी हवेत असताना ऊन शोषते आणि हिमावर बसली की त्याची शुभ्रता घटवते. हिमालयातील हिमनद्यांना हा धोका विशेष जाणवतो. (दगडगोट्यांचा जाड थर मात्र खालच्या बर्फाचे रक्षणच करतो.)

सल्फेटचे कण याउलट प्रकाश परतवतात. जून १९९१ मध्ये फिलिपिन्समधील पिनाटुबो ज्वालामुखीच्या उद्रेकातून गंधकाचा वायू स्थितांबरात पोहोचला आणि पुढील वर्षी जगाचे सरासरी तापमान सुमारे अर्धा अंश सेल्सिअसने उतरले. त्या थंडाव्यात हवेतील बाष्पही घटले. बाष्प हा स्वतः हरितगृह वायू असून हवा १ अंशाने तापली की ती सुमारे ७ टक्के अधिक बाष्प धारण करू शकते. तापमान व बाष्प यांचे हे नाते प्रत्यक्षात पडताळण्याची दुर्मिळ संधी पिनाटुबोने दिली.

काजळी व सल्फेट खालच्या हवेत काही दिवस ते काही आठवडेच टिकतात. कार्बन डायऑक्साइडचा मोठा भाग शतकानुशतके राहतो. म्हणून काजळी रोखल्यास हिमाला दिलासा लवकर मिळू शकतो. सल्फेट घटल्यास मात्र आजवर झाकलेली उष्णता उघडी पडते. २०२० पासून जहाजांच्या इंधनातील गंधकाची कमाल मर्यादा ३.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यांवर आणली गेली. त्याने बंदरांलगतची हवा स्वच्छ होण्यास मदत झाली, पण समुद्रावरील परावर्तक कणांचे आवरणही विरळ झाले.