चांदीच्या दोन रेघा

येरमाळ्याहून तुमच्या बचत गटांची समन्वयक बोलतेय.

डॉक्टरांनी एमआरआय काढायला सांगितलं की आपल्याकडच्या बायका धसका घेतात. त्या नळीत करंट बसतो का? किरण अंगात राहतात का? मंगळसूत्र का काढायला लावतात? बैठकीत हे प्रश्न हमखास निघतात. त्यांचं उत्तर 'स्पिन' नावाच्या एका गुणात आहे. तो माणसाला कसा सापडला, ते आज सांगते. सुरुवात चांदीपासून होते.

साल १९२२. जर्मनीतलं फ्रँकफर्ट शहर. पहिलं महायुद्ध होऊन गेलेलं, महागाईनं लोक बेजार. ऑटो स्टर्न आणि वाल्थर गेरलाख या दोघांनी एक प्रयोग हाती घेतला होता, पण हातात पैसा नव्हता. मॅक्स बॉर्न या शास्त्रज्ञानं आइन्स्टाइनच्या सिद्धांतावर जाहीर व्याख्यानं दिली आणि तिकीट लावून पैसा उभा केला. अमेरिकेतल्या एका बँकवाल्यानंही मदत पाठवली. म्हणजे आपण गटात करतो तसंच, थोडं थोडं जमवून काम झालं.

त्यांनी चांदी भट्टीत इतकी तापवली की तिची वाफ झाली. त्या वाफेची बारीक धार एका लोहचुंबकामधून सोडली. समोर काच ठेवली. जुन्या समजुतीप्रमाणे काचेवर चांदीचा एक पसरट पट्टा उमटायला हवा होता. उमटल्या दोन वेगळ्या रेघा, मध्ये जागा मोकळी. सांगतात, की आधी काचेवर काही दिसतच नव्हतं. स्टर्न स्वस्तातल्या सिगार ओढायचे. त्या धुरातल्या गंधकानं चांदी काळी पडली आणि रेघा दिसू लागल्या. आपली जोडवी, पैंजण काळे पडतात, तेही गंधकामुळेच.

दोनच रेघा का, याचा नीट उलगडा लगेच झाला नाही. १९२५ मध्ये राल्फ क्रोनिग नावाच्या विशीतल्या पोरानं सुचवलं, की इलेक्ट्रॉनला स्वतःचाच एक फिरण्यासारखा गुण असावा. इलेक्ट्रॉन म्हणजे अणूतला अतिशय बारीक कण. तारेतून वीज वाहते ती त्याच्यामुळेच. पण पाउली या नावाजलेल्या शास्त्रज्ञानं ती कल्पना उडवून लावली. क्रोनिगनं ती छापलीच नाही. त्याच वर्षी हॉलंडमध्ये उलेनबेक आणि गौडस्मिट या दोन तरुणांना तेच सुचलं. मोठ्यांनी शंका काढल्यावर तेही माघार घ्यायला निघाले होते, पण त्यांच्या गुरूनं, एरेनफेस्ट यांनी, लेख आधीच छापायला धाडला होता. म्हणून शोधाला नाव त्यांचं लागलं. पुढे पाउलींनीच स्पिनचं गणित मांडलं.

स्पिन म्हणजे खरोखरचं गरगर फिरणं नाही. येडेश्वरीच्या यात्रेतला पाळणा जोरात फिरतो, हळू होतो, थांबतो. इलेक्ट्रॉनचा स्पिन कमी-जास्त होत नाही, थांबतही नाही. चुंबकात मोजला तर उत्तर दोनच मिळतात : वर किंवा खाली. मधलं काही नाही. चांदीच्या अणूत ४७ इलेक्ट्रॉन असतात. ४६ जणांचा परिणाम एकमेकांत मिटतो, एकटा उरतो. त्या एकट्याच्या 'वर' आणि 'खाली'मुळे काचेवर दोन रेघा पडल्या.

असाच स्पिन अणूच्या गाभ्यालाही असतो. १९४६ मध्ये अमेरिकेत ब्लॉख आणि पर्सेल यांच्या गटांनी तो पदार्थात ओळखण्याची युक्ती काढली. ब्लॉख यांच्या स्टॅनफर्ड विद्यापीठात आपल्या देशाचे एस. एस. धर्मट्टी काम करत होते. १९५१ मध्ये त्यांनी दोन सहकाऱ्यांसोबत दाखवून दिलं, की अल्कोहोलच्या कणात हायड्रोजन तीन प्रकारच्या जागी बसतो आणि प्रत्येक जागेचा संकेत वेगळा येतो. पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी हे शास्त्र रुजवलं. याच युक्तीतून लाउटरबर आणि मॅन्सफिल्ड यांनी शरीराचं चित्र काढण्याची रीत घडवली. त्यांना २००३ मध्ये नोबेल मिळालं. तोच एमआरआय.

आपल्या अंगात पाणी भरपूर, पाण्यात हायड्रोजन. मशीनचं चुंबक आणि रेडिओ लहरी त्या हायड्रोजनच्या गाभ्याचा स्पिन हलवतात आणि त्याचा संकेत टिपतात. तुम्ही मला ऐकताय, त्याही रेडिओ लहरीच. एक्स-रे किंवा सीटी स्कॅनचे किरण यात नसतात. धडधड आवाज मोठा येतो, त्याला घाबरू नका. कानात घालायला बोळे मागून घ्या.

मात्र चुंबक फार ताकदीचं असतं आणि सतत चालू असतं. म्हणून मंगळसूत्र, जोडवी, बांगड्या, केसातले आकडे, पदराची पिन सगळं बाहेर ठेवा. छातीत पेसमेकर, हाडात सळई, तांबी बसवलेली असेल किंवा दिवस गेले असतील, तर न लाजता आधीच सांगा. आणि काही समजलं नाही तर विचारा. प्रश्न वेडगळ वाटेल म्हणून गप्प बसू नका. क्रोनिग गप्प बसला होता.

पुढच्या भेटीपर्यंत नमस्कार.