न्हाणीचा दगड : काळ्या पाषाणापासून शहाबादी फरशीपर्यंत

मराठवाड्यातील जुने घर मुख्यतः दगडमातीचे असे. दगड आणि पांढऱ्या मातीच्या जाड भिंती, वर माळवद, खाली शेणाने सारवलेली जमीन. सारवलेल्या जमिनीवर जेवणखाण, झोप, दळणकांडण सगळे होते; एक अंघोळ तेवढी होत नाही. रोजच्या पाण्याने माती खचते आणि भिंतीचा पाया ओलावतो. म्हणून सामान्य कुणब्याच्या घरातही जाते आणि उखळ यांच्या जोडीला न्हाणीचा एक घडीव दगड असे. घरातल्या फरशीचा इतिहास या भागात बैठकीपासून नव्हे, न्हाणीपासून सुरू होतो.

हा दगड कोणता, ते कपिलधारला दिसते. बीडच्या दक्षिणेला, मांजरसुंब्याजवळ, बालाघाटाच्या डोंगरात हे ठिकाण आहे. मन्मथस्वामींच्या समाधीमुळे हे वीरशैव लिंगायत समाजाचे मोठे तीर्थक्षेत्र आहे. पावसाळ्यात येथे जो धबधबा कोसळतो, त्याच्या कड्याचा खडक म्हणजेच या मुलखातील बांधकामाचा दगड. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरलेल्या लाव्हाच्या थरांपासून हा बेसाल्ट बनला. त्यात दोन जाती ठळक दिसतात. एक मऊसर, भोकाभोकांचा मांजऱ्या खडक आणि दुसरा घट्ट, जड काळा पाषाण. मांजऱ्या पाण्याने झिजतो, त्याच्या भोकांत मळ साठतो. न्हाणीला काळा पाषाणच लागे.

पण हा पाषाण पातळ निघत नाही. त्याला चुनखडकासारखे सुटे पापुद्रे नसतात. थंड होताना पडलेल्या उभ्या-आडव्या भेगांनी त्याचे ठोकळे होतात, आणि पातळ तक्ता काढू गेल्यास तो भलतीकडेच फुटतो. त्यामुळे न्हाणीत छोट्या फरश्यांची जुळणी न होता एकच जाड शिळा बसवली जाई. माणूस बसून अंघोळ करील, शेजारी घंगाळ राहील, एवढा तिचा आकार.

ही शिळा काढण्याचे काम वडार आणि पाथरवट यांचे. वडारांमध्ये दगडाचे काम करणारे ते कल-वडार. खाणीत दगड निवडताना त्यावर हातोडी मारून नाद ऐकला जाई. खणखणीत वाजला तर दगड अखंड, बद्द वाजला तर आत चीर. मग सुतळीने रेघ आखून त्या रेघेवर टाकीने ओळीने खाचा पाडायच्या, प्रत्येक खाचेत लोखंडी पाचर बसवायची आणि घणाने एकेका पाचरेवर क्रमाने घाव घालत जायचे. एकाच पाचरेवर जोर दिला तर दगड वाकडा फुटतो. सर्व पाचरांवर ताण सारखा वाढत गेला की शिळा रेघेवर उकलते. पुढची घडण टाकी आणि हातोडीची. बेसाल्टवर टाकीचे टोक लवकर बोथट होते, म्हणून दगडकामाला लोहार लागतोच. टाकी तापवून, ठोकून, पुन्हा पाणी देऊन तिला धार आणायची.

या घडणीतली खरी अक्कल दोन गोष्टींत होती. पहिली, पृष्ठभाग गुळगुळीत करायचा नाही. टाकीचे बारीक टवके मुद्दाम राखले जात. ओल्या पायाला तेवढीच पकड मिळे. दुसरी म्हणजे उतार. शिळेची एक कड किंचित खाली घेऊन तेथे पन्हळ कोरायची, म्हणजे पाणी भिंतीकडे न जाता मोरीतून परसात, अळू-कर्दळीकडे जाई. दगडावर पाणी पडावे पण साचू नये, हा प्रश्न या भागातील मंदिर-कारागिरांनी फार आधी सोडवला होता. अंबाजोगाईला तेराव्या शतकातील, यादवकाळातील मंदिरे आहेत. अशा शिवमंदिरांत अभिषेकाचे पाणी शाळुंकेवरून पन्हळीने गाभाऱ्याबाहेर काढलेले असते. न्हाणीतल्या अडाणी वाटणाऱ्या शिळेत हेच शहाणपण आहे. बीडचे कंकालेश्वर मंदिर तर पाण्याच्या कुंडातच उभे आहे. पाणी आणि घडीव दगड यांचा मेळ या जिल्ह्याला नवा नाही.

पातळ फरशी बाहेरून आली. कलबुर्गी जिल्ह्यातील शहाबादच्या परिसरात भीमेच्या खोऱ्यातला चुनखडक जमिनीलगतच आडव्या थरांत आहे, आणि त्याचे थर पहारीने सुटतात. मुंबईहून सोलापूरमार्गे जाणारा लोहमार्ग १८७१ साली रायचूरला पोहोचला. शहाबाद त्याच मार्गावर असल्याने तेथील दगड दूरवर जाऊ लागला. बीड आणि शहाबाद दोन्ही निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते, तरी फरशी बीडकडे सहज येत नव्हती. बार्शी लाइट रेल्वे १९११ साली लातूरपर्यंत गेली. बीड शहरात मात्र प्रवासी रेल्वे २०२५ साली सुरू झाली. तोपर्यंत बालाघाटात चढणारा जड माल आधी बैलगाडीने आणि पुढे ट्रकने आला. त्यामुळे शहाबादी फरशी प्रथम वाड्यांत आणि देवळांत दिसली. खेड्यातल्या न्हाणीत ती रुळली ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, सडका झाल्यावर.

तिच्याबरोबर कामाची रीतही बदलली. शहाबादी पाषाणापेक्षा बरीच मऊ आहे. गवंडी गुण्या लावून रेघ ओढतो, रेघेवर टाकीने हलके घाव घालत एक चर पाडतो, फरशी उलटी करून मागूनही तसेच करतो, आणि मग कडेला एक नेमका ठोका देतो. फरशी रेघेवर तुटते. उरलेले कंगोरे छिन्नीने काढले की कड तयार. दोन बाय दोन फुटांच्या फरशीची अशी जुळणी चुन्यात किंवा सिमेंटमध्ये बसवायची आणि दरजा भरायच्या. अवघड भाग दरजांचाच. अखंड शिळेला सांधा नव्हता. फरशीला प्रत्येक दोन फुटांवर सांधा आला आणि पाणी मुरायला वाट मिळाली.

१९७२ च्या दुष्काळात बीड जिल्ह्यात हजारो शेतकरी बायाबापड्यांनी दुष्काळी कामांवर खडी फोडली. दगडाची हातोडी तेव्हा कारागिराकडून पोटासाठी राबणाऱ्या प्रत्येकाच्या हातात गेली. दगडी बांधणीवर मोठा आघात ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाने केला. लातूर-धाराशिवकडे दगडमातीच्या भिंती आणि जड माळवदे माणसांवर कोसळली, आणि शेजारच्या मुलखातही त्या बांधणीवरचा विश्वास उडाला. नवी घरे विटा-सिमेंटची झाली. काळा पाषाण भिंतीतून गेला आणि पाथरवटाकडे घरबांधणीचे काम उरले नाही.

आता न्हाणीचे बाथरूम झाले आहे. राजस्थानचा कोटा, आंध्रची कडप्पा, गुजरातच्या मोरबीची चकचकीत टाइल असे सगळे तालुक्याच्या दुकानात मिळते, आणि टाकीच्या जागी हिऱ्याच्या कणांची चकती असलेला कटर आला आहे. न्हाणी ट्रॅपसाठी गोल भोक पाडणे किंवा चारी बाजूंनी उतार यावा म्हणून फरशी तिरकी कापणे त्याने सोपे होते. उताराचा हिशेब मात्र जुनाच, फुटामागे पाव इंचाच्या आसपास. तो चुकला तर महागातली फरशीही पाणी धरून बसते.

टिकाऊपणात काळ्या शिळेची बरोबरी यांपैकी एकालाही करता आलेली नाही. शहाबादी आणि कोटा हे चुनखडक असल्याने बाथरूम धुण्याच्या अॅसिडने फसफसतात आणि खरबरीत, पांढुरके होतात. त्यांना साधे साबणाचे पाणी पुरते. कटरचा धोका याहून गंभीर आहे. दगड कोरडाच कापताना उडणारी धूळ, विशेषतः ग्रॅनाइटची, सिलिकायुक्त असते आणि ती वर्षानुवर्षे छातीत गेली की फुप्फुसाचा असाध्य आजार होतो. घरात फरशीचे काम काढणाऱ्याने कारागिरासाठी चकतीवर पाण्याची सोय आणि तोंडाला चांगला मास्क एवढी व्यवस्था कामाच्या पहिल्या दिवशीच करून ठेवावी.