सुरतेची कबर आणि डांगची मुसळी

मुंबईहून रेल्वेने सुरतेस जाताना नवसारी मागे पडली की सचिनचे स्टेशन लागते. जंजिऱ्याच्या सिद्दी घराण्यातील बाळू मियाँ याने १७९१ साली पेशव्यांशी करार करून जंजिऱ्यावरील आपला हक्क सोडला आणि त्याच्या मोबदल्यात हा मुलूख पदरात पाडून घेतला. ते छोटेखानी संस्थान १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन झाले. सचिनचे नाव निघाले की चर्चा सहसा सिद्द्यांचीच होते, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु सचिनच्या उत्तरेस सुरत आणि आग्नेयेस डांगचे अरण्य आहे. या दोन ठिकाणांच्या दरम्यान भारतातील वनस्पतिशोधाचा जवळजवळ तीन शतकांचा इतिहास सामावलेला आहे.

सुरतेत कतारगाम दरवाजाजवळ डचांची जुनी दफनभूमी आहे. तेथील घुमटाची भव्य कबर एखाद्या नवाबाची असावी असे प्रथमदर्शनी वाटते. ती हेंड्रिक व्हान ऱ्हीड या डच अधिकाऱ्याची आहे. डच कंपनीच्या वखारींची तपासणी करीत तो सुरतेकडे निघाला होता. १६९१ च्या डिसेंबरात जहाजावरच त्याला मृत्यूने गाठले, आणि त्याचा देह सुरतेस आणून पुरण्यात आला. त्या वेळी ‘हॉर्टस मलबारिकस’ हा त्याचा ग्रंथ पुरता छापूनही झाला नव्हता. आम्सटरडॅम येथे १६७८ साली त्याचा पहिला खंड निघाला. बारावा निघाला १६९३ साली, म्हणजे कर्त्याच्या पश्चात. मलबारातील सुमारे ७४० वनस्पतींची वर्णने आणि चित्रे त्यात आहेत. पुढे लिनियसने भारतीय वनस्पतींना शास्त्रीय नावे देताना या ग्रंथाचा मोठा आधार घेतला.

ग्रंथ ऱ्हीडच्या नावावर आहे, हे खरे. परंतु वनस्पतींचे ज्ञान त्याच्यापाशी कोठून असणार? तो शिपाईगडी, कोचीनचा कमांडर. रानातून फांद्या, फुले, फळे आणविली जात. चित्रकार चित्र काढीत. आणि मग त्या वनस्पतीचे नाव काय, गुण काय, याचा निर्णय जाणत्यांकडून होई. त्या जाणत्यांत मलबारचा वैद्य इट्टी अच्युतन होता, आणि रंगभट, विनायक पंडित व अप्पुभट हे कोचीनला स्थायिक झालेले तीन कोंकणी ब्राह्मणही होते. या तिघांनी आपल्या निघंटूच्या आधारे केलेल्या कामाबद्दल १६७५ च्या एप्रिलात लिहून दिलेले प्रमाणपत्र पहिल्या खंडात नागरी अक्षरांत छापलेले आहे. शिवराज्याभिषेकाला तेव्हा एक वर्षही पुरते झाले नव्हते. देवनागरी अक्षर युरोपात छापले गेल्याच्या आरंभीच्या उदाहरणांत या पानाची गणना होते. पण त्याहूनही मोलाची गोष्ट ही की, सांगणाऱ्यांची नावे सांगितलेल्या माहितीबरोबर टिकून राहिली.

ही रीत पुढे टिकली नाही. १८३८ पासून डॉक्टर अलेक्झांडर गिब्सन याने पुण्याजवळ दापोडीच्या सरकारी बागेत औषधी वनस्पतींची लागवड करून लष्करी इस्पितळांना औषधे पुरविली. तेथल्या वनस्पतींची दीडशेहून अधिक सुरेख चित्रे आज एडिंबरोच्या वनस्पतिउद्यानात जतन केलेली आहेत. ती एका एतद्देशीय चित्रकाराने काढली. त्याचे नाव मात्र कोणी टिपून ठेवले नाही! गिब्सन व डॅल्झेल यांचा ‘बॉम्बे फ्लोरा’ १८६१ साली निघाला. त्यानंतर पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राचार्य राहिलेले थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा बृहद्ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात वनस्पतीच्या स्थळापुढे कानिटकर, रानडे अशी संग्राहकांची आडनावे वाचावयास मिळतात. रानड्यांचे नाव तर एका प्रदेशनिष्ठ झुडपालाच १८९४ साली मिळाले: सह्याद्रीत आढळणारी दुर्मिळ सोनघंटा, ‘अब्युटिलॉन रानडेई’. तरीही ही नावे शिकलेल्यांची. त्यांना वाट दाखविणारा कातकरी वा भिल्ल त्या पानांवर क्वचितच दिसतो.

डांगचे अरण्य इंग्रजांच्या नजरेत भरले ते सागवानासाठी. १८४२ च्या सुमारास त्यांनी भिल्ल राजांकडून ही राने भाडेपट्ट्याने घेतली. जहाजांना लाकूड हवे होते. सागाचा हिशेब बारकाईने ठेवला गेला, पण त्या सागाखाली वाढणाऱ्या गवताची, वेलींची व कंदांची सविस्तर मोजदाद व्हायला शंभराहून अधिक वर्षे जावी लागली. मुंबईच्या सेंट झेवियर कॉलेजातील फादर सांतापाव यांनी डांगच्या वनस्पतींवरील आपले काम १९५४-५५ मध्ये प्रसिद्ध केले. डांग तेव्हा मुंबई राज्यात होता. १९६० साली तो गुजरातेत गेला.

याच सुमारास सांतापाव व त्यांचे सहकारी फर्नांडिस यांनी बोरिवलीच्या रानातील एका कंदवर्गीय वनस्पतीला ‘क्लोरोफायटम बोरिविलिएनम’ हे नाव दिले. ही सफेद मुसळी. पहिल्या पावसाबरोबर उगवणारी फोडशीची भाजी याच गणातली. बाजारात ‘सफेद मुसळी’ म्हणून निरनिराळ्या वनस्पतींची मुळे खपत. एकीची मुळे बोटांसारखी जाड, झुबक्याने येणारी. दुसरीचे कंद दोऱ्याला टांगल्यासारखे लोंबणारे. रानात वावरणाऱ्याला हा भेद उमगतो. पण सोलून वाळविलेले मूळ हाती आले की जाणताही फसतो. म्हणूनच नेमक्या नावाचे महत्त्व.

परंतु पौष्टिक म्हणून मुसळीला मागणी वाढली आणि डांगच्या उतारांवर कुदळी चालू लागल्या. पाने पिवळी पडून बी गळण्याआधीच कंद उपटला, तर त्या जागी पुढल्या पावसाळ्यात काय उगवणार? हल्ली तिची शेतांत लागवड होते. तरी रानातली मुसळी विरळ होत गेली आहे.

२००२ सालच्या जैवविविधता कायद्यान्वये गावोगावी लोकजैवविविधता नोंदवह्या करावयाच्या आहेत. त्यांच्या नमुन्यात परिसरातील वैदू-हकिमांच्या नावांसाठी स्वतंत्र तक्ता आहे. रंगभटांच्या प्रमाणपत्रानंतर सव्वातीनशे वर्षांनी का होईना, जाणत्याच्या नावाला कागदावर जागा मिळाली. ती भरणे सोपे मात्र नाही. कोणते मूळ कोणत्या दुखण्यावर चालते, हे गुपित परक्यापुढे उघड करण्यास डांगचा भगत कचरला, तर त्यात नवल नाही; मुसळीचे नाव सर्वतोमुखी झाल्यावर काय घडले, हे त्याने पाहिलेले आहे.