बिनकुलपाच्या गावातलं कुलूप

नेवासे तालुक्यातल्या शनी शिंगणापुरात घरांना परंपरेने चौकटी असतात, कवाडं नसतात. फार तर पडदा, नाहीतर रात्री कुत्री आत शिरू नयेत म्हणून टेकवलेली एखादी फळी. शनिदेव राखण करतो तिथे कडीकोयंडा कशाला, ही गावाची श्रद्धा. अशा गावात जानेवारी २०११ मध्ये युको बँकेने शाखा काढली आणि ‘देशातली पहिली बिनकुलपाची बँक’ म्हणून तिचा गवगवा झाला. कुलूप होतंच, फक्त सहजी दिसत नव्हतं. काचेच्या दाराला रिमोटवर चालणारं विद्युतचुंबकीय कुलूप बसवलं होतं. या जातीच्या कुलपात चौकटीवर विद्युतचुंबक आणि दारावर लोखंडी पट्टी, एवढाच ऐवज. वीज चालू असेतो पट्टी चुंबकाला घट्ट चिकटून राहते, वीज तोडली की सुटते. किल्लीचं भोकसुद्धा नाही. वीज गेली की ते आपोआप उघडतं, म्हणून सोबत बॅटरी लागतेच. भारनियमन सोसलेल्या नगरकरांना हे वेगळं सांगायला नको.

बँकेने कुलूप नजरेआड ठेवलं ते गावाच्या श्रद्धेचा मान राखायला. ते ठीकच. पण लपवल्यामुळे कुलूप भक्कम होतं, असंही पुष्कळांना वाटत असतं. त्या समजुतीला मोठा जाहीर धक्का बसला १८५१ साली, लंडनच्या महाप्रदर्शनाच्या वेळी.

अल्फ्रेड हॉब्स नावाचा अमेरिकन कुलूपवाला तिथे आला. ब्रिटिशांना ज्याचा मोठा अभिमान होता ते चबचं कुलूप त्याने सुमारे २५ मिनिटांत उघडलं. मग तो वळला ब्रामाच्या कुलपाकडे. पिकॅडिलीतल्या दुकानाच्या खिडकीत ते कित्येक दशकं मिरवत होतं. उघडून दाखवेल त्याला २०० गिनी. हॉब्सला १६ दिवसांत मिळून ५१ तास लागले, पण उघडलं. गिनी मिळाल्या, आणि ओरडही झाली की हा माणूस चोरांना धडे देतोय. १८५३ मध्ये त्याच्या नावावर कुलपांवरचं पुस्तक आलं, त्यात याला उत्तर होतं: चोरांना या युक्त्या आधीपासून ठाऊक असतात, अंधारात राहतो तो गिऱ्हाईक.

तीस वर्षांनी हीच गोष्ट गुप्तलेखनाच्या बाबतीत नियम म्हणून मांडली ऑग्युस्त केर्कहोफ्स यांनी. हे गृहस्थ पॅरिसमध्ये जर्मन शिकवणारे भाषातज्ज्ञ. १८८३ मध्ये एका फ्रेंच लष्करी नियतकालिकात त्यांनी लिहिलं की सांकेतिक पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये. गुप्त राहायला हवी ती फक्त किल्ली. किल्ली रातोरात बदलता येते, पण सगळ्या फौजेची पद्धत कशी बदलणार? मुक्त, म्हणजे कोड सगळ्यांसमोर ठेवणाऱ्या, सॉफ्टवेअरच्या सुरक्षेचं मूळ मला या एवढ्याशा व्यवहारी विचारात दिसतं.

झाकून ठेवण्याची किंमत काय पडते याचा नमुना ब्रिटिश गुप्तहेर खात्यातच आहे. तिथल्या क्लिफर्ड कॉक्सना १९७३ मध्ये सार्वजनिक किल्लीची एक रीत सापडली: बंद करायची किल्ली जगजाहीर, उघडायची तेवढी आपल्यापाशी. खात्याने ती दडपून ठेवली, १९९७ पर्यंत. दरम्यान अमेरिकेत डिफी आणि हेलमन यांनी १९७६ मध्ये मूळ कल्पना छापून टाकली. रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी १९७७ मध्ये तीच रीत स्वतंत्रपणे शोधली. जग त्यांच्या वाटेने गेलं.

१९९१ मध्ये फिल झिमरमन यांनी पीजीपी हा ईमेल कुलूपबंद करणारा प्रोग्राम फुकट वाटला. अमेरिकेत तेव्हा भक्कम गुप्तलेखन शस्त्रास्त्रांच्या यादीत होतं, म्हणून त्यांच्यामागे चौकशी लागली, ती जानेवारी १९९६ मध्ये थांबली. मधल्या काळात एमआयटी प्रेसने पीजीपीचा सगळा कोड पुस्तक म्हणून छापला. फ्लॉपी देशाबाहेर नेणं गुन्हा, पण पुस्तकाला कोण अडवणार! पुढच्या आवृत्तीची छापील पानं युरोपात स्कॅन करून पुन्हा प्रोग्राम उभा केला गेला. दूरच्या संगणकात सुरक्षित शिरायचं ओपनएसएसएच १९९९ मध्ये ओपनबीएसडी ही मुक्त संगणकप्रणाली बांधणाऱ्यांनी आणलं. त्यांचा मुक्काम कॅनडात होता, तो या कायद्यापासून दूर असल्याने सोयीचा पडला. आज विळद घाटातल्या किंवा लोणीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातला मुलगा लिनक्सवर बसून ‘एसएसएच’ टाइप करतो तेव्हा बहुधा हेच वापरतो.

सार्वजनिक किल्लीचा दुसरा उपयोग सहीचा. खासगी किल्लीने सही करायची, जाहीर किल्लीने कुणीही ताडून पाहायची. लिनक्सची आयएसओ फाइल उतरवल्यावर हौशी मंडळी पीजीपीच्या धर्तीवरच्या जीएनयूपीजीने सही तपासतात ती हीच. तिची गरज किती, हे शिंगणापूरनेच दाखवलं. देवस्थानाच्या नावाने बनावट ॲप काढून ऑनलाइन पूजेचे पैसे घेतले जात असल्याच्या तक्रारी २०२५ मध्ये सायबर पोलिसांपर्यंत गेल्या आणि विधानसभेत गाजल्या. इथे कुणी कुलूप फोडलेलं नव्हतं. प्रश्न दार कुणाचं, हा होता. आणि सहीलाही मर्यादा आहे. अँड्रॉइडच्या प्रत्येक ॲपवर सही असतेच, पण ती एवढंच सांगते की नवी आवृत्ती जुन्याच हातची आहे. तो हात देवस्थानाचा की भामट्याचा, हे भाविकाला दुसरीकडून कळावं लागतं.

कोड उघडा ठेवला म्हणजे तो कुणी वाचतोच असं नाही, आणि मुक्त सॉफ्टवेअरचे भक्त हे सांगायला जरा कचरतात. इंटरनेटवरचे व्यवहार कुलूपबंद करणाऱ्या ओपनएसएसएलमधली ‘हार्टब्लीड’ ही चूक २०१२ पासून सगळ्यांसमोर होती. ती जाहीर झाली एप्रिल २०१४ मध्ये. निम्म्या जगाचे व्यवहार ज्यावर चालत, ते सांभाळायला पूर्णवेळ माणूस जेमतेम एक.

२०२४ चं एक्सझेड प्रकरण याहून कावेबाज. फाइली दाबून लहान करणारं हे साधं साधन एक थकलेला गृहस्थ हौसेने सांभाळत होता. ‘जिया टॅन’ या नावाने कुणीतरी दोनेक वर्षं इमानेइतबारे मदत केली, विश्वास कमावला आणि मग एसएसएचमध्ये शिरायचं चोरदार बसवलं. मार्चअखेरीस अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एसएसएचच्या लॉगिनला अर्धा सेकंद उशीर होतोय असं जाणवलं, आणि तो खोदत गेला. चोरदाराचा मसाला चाचणीच्या फाइलींत दडवला होता. तो जागा करणारी ओळ मात्र सगळ्यांना दिसणाऱ्या कोडभांडारात नव्हतीच; ती फक्त वाटपासाठी बांधलेल्या गाठोड्यात होती. डेबियन ही लिनक्सची आवृत्ती बांधणाऱ्यांनी २०१३ पासून चालवलेला खटाटोप याच्या शेजारच्याच एका भोकासाठी आहे: त्याच कोडपासून कुणीही बांधलं तरी बिट न् बिट तोच प्रोग्राम निघाला पाहिजे. निघाला नाही, तर मध्ये कुणाचा तरी हात लागला असण्याची शंका घ्यायला जागा राहते.