अंगावरून वारं गेलं, म्हणजे नेमकं काय झालं? गाठ आणि रक्तस्राव यांचा इतिहास

"डॉक्टर, बाबांच्या अंगावरून वारं गेलंय. ते गाठ विरघळवायचं इंजेक्शन असतं ना, ते आधी देऊन टाका. स्कॅन नंतर करू."

मावळात काम करणाऱ्या डॉक्टरला हे वाक्य ओळखीचं आहे. नातेवाइकांची घाई खरी असते आणि योग्यही असते. पण स्कॅनच्या आधी हे इंजेक्शन दिलं, तर काही रुग्णांचा जीव वाचण्याऐवजी जाऊ शकतो. असं का, हे समजायला थोडं इतिहासात डोकावू या. या इतिहासाचा एक धागा आपल्या लोणावळ्यातूनही जातो.

एकच नाव, दोन आजार

चरकसंहितेत वातव्याधींच्या प्रकरणात शरीराची एक बाजू लुळी पडण्याचं वर्णन आहे. वात बिघडला म्हणून अंग गेलं, ही ती कल्पना. आपण आजही 'अर्धांगवायू' किंवा 'वारं गेलं' म्हणतो, ते त्यातूनच आलं. ग्रीक वैद्यांनीही माणूस एकाएकी कोसळण्याला एकच नाव दिलं होतं. बाहेरून सगळे झटके सारखेच दिसत, त्यामुळे सगळ्यांना एकच आजार समजलं जाई.

यात पहिला मोठा बदल १६५८ मध्ये झाला. योहान याकोब वेप्फर या स्विस डॉक्टरने झटक्याने दगावलेल्या रुग्णांचं शवविच्छेदन करून मेंदूत रक्त साचलेलं दाखवलं. मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी बंद पडल्यानेही असं होऊ शकेल, हेही त्याने मांडलं. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर जर्मनीच्या रुडॉल्फ विरखोव्हने रक्ताची गाठ कशी बनते आणि प्रवाहाबरोबर वाहत जाऊन दुसरीकडे कशी अडकते, हे समजावलं.

म्हणजे आजार दोन. पहिल्यात रक्तवाहिनी तुंबते आणि पुढच्या भागाला रक्त मिळत नाही, याला इस्केमिक स्ट्रोक म्हणतात. दुसऱ्यात रक्तवाहिनी फुटते आणि रक्त मेंदूत पसरतं, हा हेमोरेजिक स्ट्रोक. शेतात पाणी न पोहोचण्याची कारणं दोन असू शकतात: पाइपात गाळ अडकला किंवा पाइप फुटला. पीक दोन्हीकडे वाळतं, पण दुरुस्ती मात्र अगदी उलटी.

अडचण एवढीच होती, की हा फरक मृत्यूनंतर कळायचा.

१९२७: निपाणी, आंबोली आणि लोणावळा

मार्च १९२७ च्या अखेरीस कोल्हापूर–निपाणी भागात खादीदौऱ्यावर असताना गांधीजींची प्रकृती एकाएकी ढासळली. रक्तदाब वाढलेला होता. पक्षाघाताचा सौम्य झटका असं त्याचं वर्णन झालं आणि डॉक्टरांनी सक्तीची विश्रांती सांगितली. आधी सावंतवाडी संस्थानातल्या आंबोलीला आणि मग बंगळूरजवळच्या नंदी टेकड्यांवर त्यांना ठेवण्यात आलं. त्या झटक्यामागे गाठ होती की रक्तस्राव, की दोन्ही नाही, हे जिवंत माणसात पाहण्याचं साधनच तेव्हा जगात नव्हतं. मोजता येत होता तो फक्त रक्तदाब. दंडाला पट्टा बांधून तो मोजण्याचं यंत्र इटलीच्या रिवा-रोची यांनी १८९६ मध्ये आणलं होतं.

हा रक्तदाब लोणावळ्यातही मोजला जात होता. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम स्थापन केलं आणि 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केलं. योगाचे परिणाम यंत्राने मोजून पाहायचे, हा त्यांचा आग्रह. आसनांच्या वेळी रक्तदाब किती बदलतो, याचेही प्रयोग त्यांनी केले. आजारपणाच्या त्या वर्षात गांधीजींचा आसनं आणि रक्तदाब यांविषयी त्यांच्याशी पत्रव्यवहार झाला.

एक सूचना इथेच देतो. ज्यांचा रक्तदाब जास्त आहे, त्यांनी शीर्षासन, सर्वांगासन यांसारखी डोकं खाली जाणारी आसनं डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत.

रक्तदाब कळत होता, औषध नव्हतं

अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांचा रक्तदाब अनेक वर्षं वाढत होता. १२ एप्रिल १९४५ रोजी ते कोसळले, तेव्हा तो ३००/१९० भरला. मेंदूतल्या रक्तस्रावाने त्याच दिवशी त्यांचा मृत्यू झाला. जगातले उत्तम डॉक्टर हाताशी होते, पण रक्तदाब खात्रीने उतरवणारी गोळी कोणाकडेच नव्हती.

त्यानंतर चारच वर्षांनी, १९४९ मध्ये, मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधा या भारतीय वनस्पतीने रक्तदाब उतरतो, हे रुग्णांवरच्या अनुभवातून एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात मांडलं. जगाचं लक्ष तिकडे वळलं. १९५२ मध्ये त्या मुळीतलं रेसर्पीन हे द्रव्य वेगळं काढण्यात आलं आणि १९५७ मध्ये डॉ. वकील यांना लास्कर पुरस्कार मिळाला. आज त्याहून सुरक्षित औषधं आहेत, म्हणून रेसर्पीन फारसं वापरत नाहीत. पण गोळ्यांनी रक्तदाब ताब्यात ठेवता येतो, ही खात्री ज्या कामांमुळे पटली, त्यात मुंबईतलं हे काम आहे. रक्तस्रावी झटक्याचं सर्वांत मोठं कारण म्हणजे ताब्यात नसलेला रक्तदाब, हे लक्षात घेतलं की त्याचं मोल कळतं.

१९७१: कवटी न उघडता मेंदू दिसला

१ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमधल्या एका रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा सी. टी. स्कॅन झाला. स्कॅनमध्ये ताजं रक्त पांढरं दिसतं. वेप्फरला मृत्यूनंतर दिसलेली गोष्ट आता काही मिनिटांत, रुग्ण जिवंत असताना दिसू लागली.

त्याआधी डॉक्टर लक्षणांवरून अंदाज बांधत. जोराची डोकेदुखी, उलट्या, लगेच शुद्ध हरपणं, खूप चढलेला रक्तदाब असेल तर रक्तस्राव. सकाळी उठल्यावर हातपाय लुळा आढळला आणि शुद्ध असेल तर गाठ. हे अंदाज बऱ्याचदा बरोबर येतात, पण चुकतातही. आणि १९९५ नंतर ही चूक फार महाग झाली. त्या वर्षी गाठ विरघळवणाऱ्या टी. पी. ए. या औषधाचा फायदा मोठ्या अभ्यासात सिद्ध झाला. पुढे २००८ मध्ये त्याची मुदत तीन तासांवरून साडेचार तासांवर गेली. हेच औषध फुटलेल्या रक्तवाहिनीच्या रुग्णाला दिलं, तर रक्तस्राव वाढतो. म्हणून आधी स्कॅन.

एक मात्र ध्यानात ठेवा. गाठीच्या झटक्यात पहिल्या काही तासांत स्कॅन अगदी 'नॉर्मल' दिसू शकतो. म्हणजे झटका आलाच नाही, असं नव्हे. रक्तस्राव नाही, एवढं त्यातून कळतं.

रुग्णालयातले आकडे कसे वाचायचे?

मुंबईत २००५–०६ मध्ये वस्तीतल्या पहिल्या झटक्यांची नोंद ठेवली गेली. त्यात सुमारे ८० टक्के गाठीचे आणि सुमारे १८ टक्के रक्तस्रावाचे निघाले. २८ दिवसांत साधारण ३० टक्के रुग्ण दगावले. रुग्णालयांच्या नोंदींत रक्तस्रावाचा वाटा अनेकदा याहून जास्त दिसतो. याचं एक कारण साधं आहे. बेशुद्ध होऊन उलट्या करणाऱ्या माणसाला लगेच गाडीत घालतात. ज्याचा फक्त हात जड झाला, त्याला 'सकाळी बघू' म्हणून घरीच झोपवतात. उपचारांचा सर्वांत जास्त फायदा झाला असता असा रुग्ण नेमका उशिरा येतो किंवा येतच नाही.

मग आपण काय करायचं?

तोंड वाकडं झालं, एक हात वर राहत नाही, बोलणं अडखळतं, असं एकाएकी झालं तर घड्याळ बघा आणि १०८ ला फोन करा. रुग्ण शेवटचा ठीक कधी होता, ती वेळ लिहून घ्या. घरी ॲस्पिरिन देऊ नका. रक्तस्राव असेल तर ती घातक ठरू शकते. पाणी, चहा, काहीही पाजू नका, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. पवन मावळ किंवा आंदर मावळातल्या गावातून निघताना, सी. टी. स्कॅन चोवीस तास कुठे सुरू असतो, हे फोनवर विचारून थेट तिथेच जा. मेंदूची मोठी रक्तवाहिनी तुंबली तर दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात. पावसाळ्यात घाटातल्या आणि धरणाकाठच्या रस्त्यांवर वेळ जाणारच आहे, तो आणखी वाढवू नका.

आणि आज, सगळं ठीक असताना, घरातल्या तिशीपुढच्या प्रत्येकाचा रक्तदाब मोजून घ्या. रूझवेल्टना जी गोळी मिळाली नाही, ती आज सरकारी आरोग्य केंद्रातही मिळते. बरं वाटतंय म्हणून ती मनाने बंद करू नका.