चिमुकल्या कणांचा वसंत: एका पदार्थरसायनशास्त्रज्ञाच्या दोन भाषा

केरळ साहित्य अकादमीच्या २०१० सालच्या पुरस्कारांमध्ये वैज्ञानिक साहित्याचा पुरस्कार ज्या मलयाळम पुस्तकाला मिळाला, त्याचे लेखक चेन्नईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. तलप्पिल प्रदीप हे नाव पदार्थरसायनाच्या क्षेत्रात तोवर सुपरिचित झाले होते. २००८ साली त्यांना शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला होता. मात्र भटनागर पुरस्काराची वार्ता वाचणारा वर्ग आणि अकादमीच्या पुरस्कारांची यादी पाहणारा वर्ग हे परस्परांना क्वचितच भेटतात. आंतरराष्ट्रीय उद्धरणसूचींत मलयाळम पुस्तकाला जागा नसते आणि मलयाळम साहित्येतिहासात प्रयोगशाळेला. एकाच व्यक्तीची कारकीर्द अशा दोन नोंदवह्यांत विभागली जाते, ही घटना तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाने सहसा आपल्या कक्षेतली मानलेली नाही. ती मानावयास हवी.

प्रदीप यांचा जन्म १९६३ सालचा, पोन्नानीच्या परिसरातील पंतावूर या गावचा. आई-वडील दोघेही शाळाशिक्षक, वडील एन. एन. तलप्पिल या नावाने मलयाळममध्ये लेखन करीत. पोन्नानी म्हणजे इडश्शेरी गोविंदन नायर आणि उरूब यांच्या साहित्यवर्तुळाची भूमी. या परिसरातील शिक्षकाच्या घरात पुस्तक लिहिणे ही अपूर्व गोष्ट नव्हे. हा मलबार प्रदेश १९५६ पर्यंत मद्रास राज्यात होता, आणि मलबारच्या शिकलेल्या तरुणाची वाट मद्रासकडेच जात असे. ओ. चंदु मेनन यांच्या ‘इंदुलेखा’ (१८८९) या कादंबरीचा नायक माधवन हा मद्रासलाच शिकलेला. त्या कादंबरीच्या अठराव्या प्रकरणात धर्म, विज्ञान आणि काँग्रेस यांवर जो प्रदीर्घ वाद रंगतो, तो कथेला खीळ घालतो अशी टीका पुष्कळ झाली. तरीही आधुनिक विज्ञानाची चर्चा मलयाळम गद्यात करता येते, हे त्या प्रकरणाने एकोणिसाव्या शतकातच सिद्ध केले होते.

प्रदीप यांची वाट मात्र आधी बंगलोरला गेली. भारतीय विज्ञान संस्थेत सी. एन. आर. राव आणि एम. एस. हेगडे यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी १९९१ मध्ये पीएच.डी. पूर्ण केली, नंतर बर्कली आणि पर्ड्यू येथे संशोधन करून १९९३ साली ते चेन्नईच्या संस्थेत रुजू झाले. पुढील दशकात फुलरीन, पृष्ठभागांवर आदळणारे आयन, धातूंचे सूक्ष्म पुंज असे विषय येतात. ते महत्त्वाचे असले तरी तज्ज्ञांपुरते आहेत.

वळण येते ते २००३ च्या सुमारास. त्या वर्षी दिल्लीच्या विज्ञान व पर्यावरण केंद्राने बाटलीबंद पाणी आणि शीतपेये यांतील कीटकनाशकांचे अंश जाहीर केले आणि देशभर खळबळ उडाली. त्याच वर्षी प्रदीप आणि त्यांचे विद्यार्थी ए. श्रीकुमारन नायर यांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यातील मूळ निरीक्षण असे: चांदीचा नेहमीचा तुकडा कार्बन टेट्राक्लोराइडसारख्या संयुगाशी साध्या तापमानाला क्रिया करीत नाही, तीच चांदी काही नॅनोमीटर आकाराच्या कणांत विभागली की त्या संयुगाचे विघटन होते, धातूचे क्लोराइड आणि कार्बन उरतो. धातू तोच, आकार बदलताच स्वभाव बदलतो. याच कामाचा धागा पुढे पाण्यातील कीटकनाशके ओळखण्याकडे आणि काढून टाकण्याकडे गेला. त्यांत एंडोसल्फान होते.

हे नाव मलयाळी वाचकाला रसायनशास्त्राच्या पुस्तकातून शिकावे लागत नाही. कासरगोड जिल्ह्यातील काजूच्या मळ्यांवर हे कीटकनाशक २००० सालापर्यंत वर्षानुवर्षे विमानातून फवारले गेले. अंबिकासुतन मांगाड यांची ‘एन्मकजे’ (२००९) ही कादंबरी त्याच भूमीतून आली. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये त्यावर देशव्यापी बंदी घातली. एकच विष एका दशकात प्रयोगशाळेतील शोधनिबंधाचा, कादंबरीचा आणि न्यायालयीन आदेशाचा विषय व्हावे, आणि या तिन्ही संहिता एकत्र वाचणारा अभ्यासक्रम कोठेही सहजी आढळू नये, ही स्थिती खटकणारी आहे.

२००७ हे वर्ष या कारकिर्दीत विशेष दाट आहे. अब्जांश धातुकणांवर आधारलेला, कीटकनाशके काढणारा जलशुद्धीकारक युरेका फोर्ब्जने त्या वर्षी बाजारात आणला. ‘नॅनो: द इसेन्शियल्स’ हे इंग्रजी पाठ्यपुस्तक निघाले. आणि कोट्टयमच्या डी. सी. बुक्सने ‘कुञ्ञुकणंगळ्क्कु वसंतम्: नॅनोटेक्नॉलजिक्कु ओरामुखम्’ हे मलयाळम पुस्तक प्रसिद्ध केले. एकाच ज्ञानाने एका वर्षात वस्तू, पाठ्यपुस्तक आणि मातृभाषेतील गद्य अशी तीन रूपे घेतली.

त्या शीर्षकापाशी थोडे थांबावयास हवे. ‘कुञ्ञु’ हा घरातील तान्ह्या बाळासाठी वापरायचा, मायेचा द्राविडी शब्द. ‘कण’ आणि ‘वसंत’ संस्कृतोद्भव. उपशीर्षकात इंग्रजी शब्दाला मलयाळम चतुर्थीचा प्रत्यय लागलेला आणि त्यापुढे पुन्हा संस्कृत ‘आमुख’. मलयाळम गद्याचे तिन्ही थर एका शीर्षकात आले आहेत. ‘चिमुकल्या कणांना वसंत’ ही रचना मराठीलाही परकी नाही. ‘त्याला दोन भाऊ आहेत’ असे म्हणताना मराठी हेच करते. परंतु मराठीने ‘नॅनो’साठी जो पारिभाषिक शब्द घडविला तो ‘अब्जांश’. तो अचूक आहे, मापाशी प्रामाणिक आहे, आणि ओठांवर रुळलेला नाही. गंमत अशी की ‘नॅनो’चे ग्रीक मूळ ‘बुटका’ या अर्थाचे आहे. व्युत्पत्तीच्या दृष्टीने ‘कुञ्ञु’ मूळ शब्दाच्या अधिक जवळ जातो. परिभाषा समित्यांना हे सुचणे कठीण, कारण लाडाचा शब्द परिभाषेत बसत नाही असा त्यांचा समज असतो.

२०१३ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात या गटाने कायटोसानसारखा जैवबहुवारिक आणि अ‍ॅल्युमिनियमचे संयुग यांपासून पाण्यातच, विजेविना तयार होणारा पदार्थ मांडला. तो सातत्याने चांदीचे आयन सोडतो, आणि त्याचे गुणधर्म नदीच्या वाळूसारखे आहेत. एका कुटुंबाचा वर्षाचा खर्च २.५ अमेरिकी डॉलर, असा त्यात हिशेब आहे. आर्सेनिक काढणाऱ्या याच कुळातील पदार्थाचे नाव ‘अमृत’: इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांतून जुळवलेले आणि तरीही पश्चिम बंगालपासून पंजाबपर्यंत अनुवाद न लागणारे. पुढे २०२० मध्ये पद्मश्री आणि निक्केई आशिया पुरस्कार, २०२२ मध्ये व्हिनफ्यूचर, २०२३ मध्ये एनी, असे सन्मान येत गेले.

मराठीतील समांतर उदाहरण म्हणून जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांचे नाव अपरिहार्यपणे पुढे येते. तुलना अर्थातच एका मर्यादेपर्यंतच चालते. नारळीकरांना २०१४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तो ‘चार नगरांतले माझे विश्व’ या आत्मचरित्रासाठी. वैज्ञानिकाचे आयुष्य तेथे साहित्य ठरले. केरळच्या अकादमीने वैज्ञानिक साहित्य असा स्वतंत्र वर्ग राखला आणि त्यात प्रत्यक्ष विषयविवेचनाला, म्हणजे कणांच्या गोष्टीला, मान दिला. त्यामागे १९६२ साली स्थापन झालेल्या केरळ शास्त्र साहित्य परिषदेने घडविलेला वाचकवर्ग आहे. परिषदेच्या नावातच ‘साहित्य’ आहे. १९२८ पासून ‘सृष्टिज्ञान’ आणि १९६६ पासून मराठी विज्ञान परिषद अशी परंपरा असलेल्या मराठीत असा वाचक नव्हता असे म्हणता येणार नाही. मात्र त्याच्या हाती आलेल्या पुस्तकांची नोंद वाङ्मयेतिहासाने बहुधा ‘माहितीपर’ या कप्प्यात करून ठेवली.

२०२४ साली ‘सायन्स’ नियतकालिकात प्रदीप यांच्या गटाचा निबंध आला: विद्युत्भारित पाण्याच्या सूक्ष्म थेंबांत क्वार्ट्झ आणि माणिक यांसारख्या खनिजांचे कण क्षणार्धात फुटून नॅनोकण होतात. खडकाची वाळू आणि वाळूची माती होण्याचा हा विषय इंग्रजीत ‘वेदरिंग’ या नावाने येतो. मराठीत त्याला भूगोलाच्या शालेय पुस्तकातला ‘विदारण’ हा शब्द कधीचाच आहे.