मांडीवरून अंगणात

बालवाडीतली अभिनयगीते ही परदेशी पद्धतीची उसनवारी, असे सहज म्हटले जाते. जर्मनीत शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेलने 1844 मध्ये आईच्या खेळगीतांचा संग्रह काढला. त्यात गाण्यासोबत बोटांचे खेळही होते. पण ते त्याने शून्यातून घडवले नव्हते. खेड्यातल्या आया मुलांना खेळवताना जे करत, त्यालाच त्याने शिस्त लावली. आपल्याकडेही तळहातावर बोट फिरवत काखेपर्यंत गुदगुल्या नेणारे, टाळ्यांवर ताल धरणारे खेळ घरोघरी होतेच. म्हणजे तिकडे काय नि इकडे काय, शाळेने हे घेतले ते घरातूनच.

यावर आक्षेप असा, की मांडीवर एकच मूल असते आणि त्याच्या हसण्याप्रमाणे गाणे थांबते, लांबते. वर्गात मात्र सगळे हात एकदम वर जातात, ती कवायतच. आक्षेप खरा आहे, विशेषतः स्नेहसंमेलनाच्या तालमी पाहिल्या तर! पण दोष गाण्याचा नसून प्रेक्षकांसाठी ते बसवण्याचा आहे. याच्या उलट उदाहरण आपल्याकडेच आहे. शिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला बालवाडीचे काम सुरू केले, पुढे अनुताई वाघांसह 1957 मध्ये कोसबाडला नेले. मुले शाळेत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली. तिथे कडेवरचे भावंडही सोबत येई. हातवारे जमले नाहीत तरी मुलाने नुसते बघत बसावे, ही मुभा अशा अंगणात सहज मिळते. रंगमंचावर ती मिळत नाही.